फ्रेममधली माझी सही

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही ऑफिसात गेलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते. दवाखाना असो की ट्रॅव्हलवाल्याचं दुकान, काचेमागे काय लावलंय ते मी वाचतो, आणि त्यातली शेवटची ओळ तर मुद्दाम वाचतो. बायको चिडते. "तुम्हाला तपासायला बोलावलंय की तपासून घ्यायला?" असं तिनं एकदा डॉक्टरांसमोरच विचारलं. तिला कारण माहीत आहे, तरी विचारते.

या अंकाच्या संपादकांनी बँकेतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. एक सांगतो. पण मला जे सांगायचंय त्यात गंमत फारशी नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी सांगलीच्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर होतो. तेव्हा 'फेरा' नावाचा कायदा होता. आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना मी फेकतोय असं वाटतं. डॉलर हवा तर कारण सांगायचं, ते फॉर्मवर लिहायचं, खाली सही करायची आणि पुरावा जोडायचा. शिक्षण, आजारपण, प्रवास, धंद्यासाठी आयात, अशी ठरलेली कारणं असत. दिलेल्या डॉलरची नोंद आम्ही पासपोर्टच्या मागच्या पानावर करत होतो. स्वस्तात घ्यावा आणि महागात विकावा, हे कारण त्या फॉर्मवर नव्हतंच. आणि हा कायदा मोडणं म्हणजे थेट फौजदारी. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

तर ती गंमत. आटपाडीकडचे एक म्हातारे माझ्या टेबलाशी आले आणि बंडीच्या आतल्या खिशातून पाच डॉलरची एक नोट काढली. मुलगा जहाजावर कामाला होता, त्यानं पत्रात घालून पाठवलेली. "खरी हाय का बघा," म्हणाले. मी बघितली, खरी होती. रुपये देऊ का म्हटलं. "नगं. पोराच्या हातची हाय. मला निस्तं इचारायचं व्हतं, ही घरात ठिवली तर पोलीस येत्याल का?" कायद्यानं ती ठरल्या मुदतीत बँकेत भरायला हवी होती. मी म्हटलं, "आजोबा, खिशात ठेवा, आणि मला दाखवलीत हे विसरा." "इसारलो," म्हणाले आणि गेले. छत्रीसुद्धा विसरले.

कायदा कुठं ताणायचा आणि कुठं सैल सोडायचा हे आपल्याला कळतं, अशी तेव्हा माझी समजूत होती. जरा गुर्मीच होती म्हणा ना.

ती उतरवली पोतनीसनं. हा माणूस मुंबईहून आलेला, चाळिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दर वाक्यात समोरच्याचं आडनाव घेण्याची सवय. विश्रामबागेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यानं ऑफिस थाटलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यात 'इंटरनॅशनल' होतं एवढं पुरे. आमच्याकडे त्यानं 'सल्ला सेवा' म्हणून चालू खातं उघडलं होतं. एक दिवस भर गर्दीत माझ्यासमोर उभा राहिला. "गायकवाड साहेब, टेलिफोन खात्याकडून दोन जादा लाइन घ्यायच्यात. खातं नीट चालतं असं बँकेचं पत्र मागतायत."

अशी पत्रं आम्ही येता-जाता द्यायचो. सदर फर्मचे आमच्याकडे चालू खाते असून ते समाधानकारकरीत्या चालविले जाते, एवढाच मजकूर. आणि तळाशी एक ओळ ठरलेली: ही माहिती बँकेवर वा सही करणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी न येता दिली आहे. खरं म्हणजे हे काम चालू खात्याच्या अधिकाऱ्याचं, पण तो रजेवर होता. टायपिस्टनं विचारलं, "कुणाच्या नावे करू?" टेलिफोन खात्याच्या नावे कर, हे उत्तर होतं. पण माझ्यासमोर बेदाण्याचे एक व्यापारी निर्यातीची कागदपत्रं पसरून बसले होते, माझं डोकं तिकडं होतं. म्हटलं, "ज्यांच्याशी संबंध येईल त्यांस, असं लिही." सही केली. चालू खात्याचा शिक्का त्या अधिकाऱ्याच्या कुलूपबंद खणात, म्हणून हाताशी होता तो माझा मारला. त्यावर होतं, 'अधिकारी, परकीय चलन विभाग'.

एका मिनिटात दोन चुका. दोन्ही आळसापोटी.

आता माझ्या सहीबद्दल थोडं. माझे वडील कोरेगावला रेल्वेत गँगमन होते, पगाराच्या वहीत अंगठा लावायचे. आमच्या वस्तीतून बँकेत अधिकारी झालेला मी पहिला. अधिकाऱ्याच्या सहीला नंबर असतो, आणि ती बँकेच्या सह्यांच्या पुस्तकात छापून सगळ्या शाखांना जाते. ते पुस्तक आलं तेव्हा मी वडिलांना नेऊन दाखवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्या सहीवर बोट फिरवलं आणि पुस्तक परत दिलं.

ती सही मी घोटली होती ती पाचगणीच्या कागदांवर. लीलामावशी ही आईची वस्तीतली मैत्रीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती पाचगणीच्या एका निवासी शाळेत कामाला लागली आणि पुढं मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन झाली. वर्ष संपलं की श्रीमंतांच्या पोरी अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून घरी जायच्या. मावशी त्यातली कोरी पानं काढून, दोऱ्यानं शिवून माझ्यासाठी धाडायची. माझं सगळं शिक्षण असल्या वह्यांवर झालं.

पोतनीसला पत्र देऊन तीन-चार महिने झाले असतील. एका मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला हीच लीलामावशी स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन माझ्या टेबलाशी आली. नुकतीच निवृत्त झाली होती. मिरजेला बहिणीचं ऑपरेशन, म्हणून तिकडं राहायला आली होती. खुर्चीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दिलीप, तुझं तोंड गोड करायला आले. तुझ्यामुळं माझं घर व्हतंय."

मला काही उमगेना. शाळेची खोली तिला महिन्याभरात सोडायची होती आणि साताऱ्यात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. पण फंडाचे पैसे थोडे कमी पडत होते. ती म्हणाली, "बहिणीच्या जावयानं विश्रामबागेत नेलं. तिथं कांप्युटरवर डालर आन् जर्मनीचा मार्क दिसत्यात. वर गेलं की इकायचं, खाली आलं की घ्यायचं. पंधरा दिवसांत कमी पडत्यात तेवढं सुटतील म्हणाले. मी म्हणलं, न्हाई बाबा, माझी जल्माची पुंजी हाय. आन् तेवढ्यात भिंतीवर तुझी सही दिसली."

मी विचारलं, "कसली सही?"

"फ्रेम केल्याली. परकीय चलन विभाग. म्हणलं, आपला दिलीप हाय न्हवं हितं. लगीच चेक फाडला."

"किती रकमेचा?"

"सगळ्याचा."

तेव्हा त्या ऑफिसात काय चालतं हे मला पहिल्यांदा धड कळलं. लोकांकडून रुपये अनामत म्हणून घ्यायचे, परदेशातल्या कुठल्याशा दलालाकडं मोडेमवरून सौदे लावायचे, म्हणजे लावतो असं सांगायचं. अशा सट्ट्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी नव्हती आणि ती मिळणारही नव्हती. पैसे बुडाले तर बुडाले, वर सौदा करणाराही कायद्याच्या कचाट्यात. म्हणजे मावशीची पुंजी जाणार होती आणि चौकशीला तिलाच बोलावणार होते. आणि तिला तिथं बसवणारा मी.

मी उठून वसुलीला पाठवलेल्या चेकचं रजिस्टर काढलं. पोतनीसनं तो चेक आमच्याच शाखेत भरला होता. मावशीचं खातं आमच्याच बँकेच्या पाचगणी शाखेत, म्हणून चेक शनिवारी रजिस्टर्ड टपालानं तिकडं गेलेला. म्हणजे आज सकाळच्या टपालात तो तिथं पोचला असणार. काउंटर दोनला बंद व्हायचं, त्यानंतर टपालातले चेक पास करायला घेत. माझ्या हातात जेमतेम अडीच तास होते.

मी म्हटलं, "मावशी, हा चेक थांबवायचा. आत्ता. एका कागदावर लिहून दे."

ती हसली. "का रं? माझ्या नावावर कालच नफा दिसला की कांप्युटरवर."

"चेक वटलाच नाही अजून. नफा कशावर दिसला?"

तरी तिला पटलं नव्हतं. वसतिगृहातल्या शंभर पोरींना वळण लावलेली बाई ती, दोन शब्दांत ऐकणारी नव्हे. "एक सांग," म्हणाली. "हे कायदेशीर हाय का न्हाई?"

"नाही."

"मग तुझी सही?"

या प्रश्नाचं उत्तर मला तीन-चार प्रकारे देता आलं असतं. ते पत्र वेगळ्या कामाचं, त्याचा अर्थ वेगळा, शिक्का चुकून पडला. सगळं खरंच होतं. मी म्हटलं, "ती माझी चूक आहे, मावशी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग उठली. "चल, मला दाखव चूक."

वेळ जात होता, पण तिच्या सहीशिवाय मला काहीच करता येत नव्हतं. रिक्षा केली. वाटभर स्ट्रॉबेरीचा खोका तिच्या मांडीवर होता, तो तिनं टेबलावर ठेवलाच नव्हता.

त्या ऑफिसात सहा-सात माणसं खुर्च्यांवर बसून पडद्याकडं बघत होती. एक डॉक्टर माझ्या ओळखीचे निघाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शिंदे म्हणून कारकून होते, त्यांचं पेन्शन खातं आमच्याकडे. मोडेम चिरकत होता. आणि समोरच्या भिंतीवर, शॉप ॲक्टच्या दाखल्याशेजारी, माझं पत्र. सोनेरी पट्टीची फ्रेम. बँकेचं नाव, मजकूर, माझी सही, शिक्का. तळाची ओळ दिसत नव्हती. कागद असा बसवला होता की ती ओळ बरोबर पट्टीखाली गेली होती.

पोतनीस आतून आला. "या, या, गायकवाड साहेब. चहा सांगू?"

मी म्हटलं, "हे पत्र टेलिफोन खात्यासाठी होतं."

"पण गायकवाड साहेब, त्यावर तसं कुठं लिहिलंय?" आवाज जराही चढला नाही. "बँकेची परवानगी आहे असं मी कुणाला म्हटलेलं नाही. मिळालेलं पत्र लावलंय. लोक वाचतात." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "आणि चौकशी झालीच, तर ज्यानं पत्र दिलं त्याला आधी विचारतील. तुम्हाला प्रमोशन ड्यू आहे असं ऐकलं."

माझा राग नाकावर असतो. पण त्या वेळी राग आला नाही, भीती वाटली. घरी दोन मुलं, आई माझ्याजवळ. मी एवढा वेळ नुसता उभा राहिलो की मावशीनंच विचारलं, "काय म्हणाला रं तो?"

मग मी खुर्चीवर चढलो आणि फ्रेम उतरवली. मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला, कागद बाहेर घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "ही सही माझी आहे. हिच्या खालची ओळ पट्टीखाली दडवली होती, ती वाचतो." वाचली. मग सांगितलं, की या धंद्याला कुणाचीही परवानगी नाही, बँकेची नाही आणि सरकारची तर नाहीच.

वाटलं होतं, खळबळ उडेल. डॉक्टर म्हणाले, "गायकवाड, जरा बाजूला व्हा हो, मार्क हलतोय." सहीचा आधार काढून घेतला तरी माणसाला पडदाच खरा वाटतो, हे मी त्या दिवशी शिकलो. फक्त शिंदे उठून उभे राहिले. माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी ती ओळ स्वतः वाचली, कागद परत दिला आणि बसले. त्यांची ग्रॅच्युइटी दोन महिन्यांपूर्वीच तिथं गेली होती, हे मला नंतर कळलं.

मावशीनंही ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "चल बँकेत. कुठं सही करायची ते सांग."

परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिनं अर्ज लिहिला. पण सांगलीतला अर्ज पाचगणीला पोचवायचा कसा? फॅक्स आमच्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. नुसत्या फोनवर कुठलीही शाखा चेक थांबवत नाही, आणि थांबवूही नये. एकच मार्ग होता. शाखा-शाखांत तातडीचा निरोप द्यायचा तर त्यासोबत एक गुप्त आकडा सांगायचा असतो. तो काढायचं पुस्तक दोन भागांत असतं. एक भाग माझ्याकडे, दुसरा मॅनेजरच्या तिजोरीत. आणि मॅनेजर कारण विचारल्याशिवाय तिजोरी उघडत नाहीत.

आमचे आपटे साहेब निवृत्तीला आलेले, नियमाला पक्के, माझ्यावर त्यांचा लोभ होता. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून पत्र वाचलं.

"पोतनीसही आपला खातेदार आहे, गायकवाड. त्याच्या व्यवहाराची माहिती तुम्ही दुसऱ्या खातेदाराला दिलीत."

"हो."

"पत्रावर नाव कुणाचं नाही. शिक्का तुमच्या खात्याचा. हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा साहेब. पण आधी तिजोरी उघडा."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि किल्ल्या काढल्या. आम्ही दोघांनी आपापल्या भागातले आकडे मिळवून तो काढला. बेरीज दोनदा केली. मग फोन. पाचगणीची लाइन लागेना. दोनला दहा कमी असताना लागली आणि मधेच तुटली. दोन वाजून गेल्यावर पुन्हा लागली, तेव्हा पलीकडच्या अधिकाऱ्याला मी आकडा एकेक करून सांगितला. "थांबा, पडताळतो," म्हणून त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला. तिकडं कुणीतरी कागद चाळत होतं, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मावशी माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, वसतिगृहात दिवे मालवायच्या वेळी बसायची तशी.

"जुळला," तो म्हणाला. "चेक माझ्यासमोरच आहे. पास करायला घेतला होता."

मावशीला सांगितलं. ती खोका टेबलावर ठेवून म्हणाली, "खा. मऊ पडल्या असतील." मला तिथंच रडू आलं. आपटे साहेबांनी तोंड फिरवलं.

पुढचं थोडक्यात. पोतनीसवर पुढं धाड पडली, कांप्युटर उचलून नेले, डॉक्टरांना आणि आणखी काहींना नोटिसा आल्या. मला लेखी ताकीद मिळाली, प्रमोशन मागं पडलं आणि साताऱ्याला पेन्शनच्या काउंटरवर बदली झाली. त्याबद्दल तक्रार नाही. शिंद्यांबद्दल मात्र आहे, माझी माझ्याकडेच. बदलीच्या आधी ते एकदा पासबुक भरायला आले होते. मी विचारलं, "तुम्हीही ते पत्र बघूनच...?" त्यांनी मान हलवली. "आमचं आम्हीच बघायला पायजे व्हतं साहेब," म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे त्यांना द्यायला काहीच नव्हतं, आजही नाही.

नवं सहस्रक लागताना फेरा गेला, मवाळ कायदा आला. आता पुतण्या मोबाइल पुढं करतो, "काका, हे ॲप लीगल आहे का?" मी सांगतो, आपल्या मान्यताप्राप्त बाजारात नेमून दिलेले सौदे कर, कायद्याची हरकत नाही. पण परदेशातल्या ॲपला पैसे धाडून डॉलर-येन खेळणार असशील तर ते आजही बसत नाही. तो म्हणतो, "पण यावर सर्टिफिकेट दिसतंय." मी म्हणतो, खाली सरकव, अगदी तळापर्यंत.

मावशीच्या दोन खोल्या मात्र झाल्या. उरलेले पैसे शाळेतल्या बायकांनी आणि बहिणीनं मिळून घातले. साताऱ्याला खरेदीखत करायचं ठरलं तेव्हा तिनं मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी म्हटलं, "मावशी, दुसरं कुणी बघ." ती म्हणाली, "तूच पायजेस."

रजिस्ट्रार कचेरीत माझ्यासमोर दस्त आला. मी पेन उघडलं. मावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दस्त स्वतःकडं ओढला. पहिल्या पानापासून वाचला. शेवटच्या पानाशी आली, तळाच्या ओळीवर बोट फिरवलं, कागदाची खालची कड नखानं उचलून मागंही बघितलं. तिथं काही नव्हतं. मग दस्त माझ्याकडं सरकवला.

"आता कर," म्हणाली.